खोलीत देवी बसली

३ मार्च ७४, भोकरदन
कोपऱ्यातल्या खोलीचे भाडेकरू विश्वनाथराव, कचेरीतले कारकून, स्वतःच म्हणाले, महिनाअखेर सोडतो. बरं झालं. मेमध्ये धाकट्या भावाचं, प्रल्हादचं लग्न, नवी सून राहणार कुठे? सौ. खूश.

५ मार्च
वि.रावांच्या दाराशी बायकांची रांग. डोकावलो तर कोनाड्यात शेंदूर फासलेला दगड, सिमेंटनं पक्का बसवलेला! गेल्या महिन्यात नातवाचा ताप उतरेना म्हणून त्यांच्या आईनं, काशाबाईंनी, आपल्या गावच्या, केदारखेड्याच्या शेतातली देवी आणून बसवली. ताप उतरला. डॉक्टरच्या सुईनं की देवीनं, विचारायची सोय नाही.

१२ मार्च
मंगळवार. बायका दुप्पट. शेजारचा शिंपी हसत, "गुरुजी, खोली आता देवीची. गेली तुमच्या हातून." वि.राव मान खाली घालून, "बसवलेला देव हलवत न्हाईत म्हणतात. मी जाईन, पण..."
अंगाचा तिळपापड झाला. हात लावावा तर उद्या गावभर, बौद्ध गुरुजीनं देव उपटला. न लावावा तर बौद्धाच्या घरात देऊळ! प्रल्हादला काय लिहू?

१४ मार्च
आईला सांगितलं. तूर पाखडत होती. "जाते मी." नको म्हटलं, भांडण होईल. रात्रभर झोप नाही.

१७ मार्च
उलटंच झालं. काशाबाईच आईकडे आल्या. दीड वर्षात पहिल्यांदा आमच्या ओट्यावर टेकल्या.
"बाई, छप्पन साली तुमी घरचे देव काढले तवा काय केलं वो? काई कोपलं का? घरी न्यायचीय हिला, पण भटजी बिलकुल नको म्हणतेत. गल्लीत देव बाहेर काढलेलं दुसरं कोण हाय मला सांगणारं?"
आई म्हणाली, "पाटीत घातले, नदीत सोडले. मागं पाह्यलं न्हाई. पोरगं मास्तर झालं, काय कोपतंय? तुमची तर घरीच चालली. भाड्याच्या खोलीत कायला ठिवता तिला?"
मी आत वह्या तपासत होतो. लाल पेन तसंच हातात.

१९ मार्च
सिमेंट वि.रावांनीच फोडलं. काशाबाई रडत होत्या. पाटी आमच्या घरची, आईनं दिली. देवी मांडीवर घेऊन म्हातारी एस.टी.नं केदारखेड्याला. "मागं पाहू नका," आई म्हणाली. काशाबाईंनी पाहिलंच. आईकडे.
हुश्श. जिवात जीव आला. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

३१ मार्च
किल्ली हातात. प्रल्हादला कार्ड टाकलं. दोनदा चुना मारला, शेंदराचा डाग वर येतोच.

२ एप्रिल
मंगळवार. खोलीच्या कुलूपबंद दाराशी नारळ नि हळदकुंकू. कोण ठेवून गेलं, कळलं नाही.
सौ. म्हणाली, "नव्या सुनेनं डाग पाहून इचारलं तर?"
आई म्हणाली, "सांगू, एक बाई राह्यली होती भाड्यानं. गेली आपल्या घरी."
खूप हसलो तिघं. नारळाचं काय करायचं ते मात्र आईनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर अजून दारातच होता.