दाढीवाल्याची संमती

२ मे, सकाळ.
मुलगी तेजल पुण्याला परत गेली. तिच्या नव्या घरमालकाला प्राणी चालत नसल्यामुळे आपला बिअर्डेड ड्रॅगन तिने आमच्याकडे ठेवला आहे. नाव बंड्या. महिनाअखेरपर्यंत तो माझ्या हातावर शांत बसू लागला, तर कायम रत्नागिरीत राहील. अन्यथा तिच्या मैत्रिणीकडे जाईल. पतसंस्थेत इतकी वर्षे कर्मचारी सांभाळलेल्या बी.कॉम. माणसाला एक हातभर सरडा जड नाही. तत्त्वे निश्चित केली: घाई नाही, वरून झडप नाही, बाजूने हात, पोटाखाली आधार.

४ मे.
हात वरूनच घातला. त्याच्या काचेच्या पेटीचे झाकण वरच्या बाजूला असताना दुसरा इलाज नव्हता. बंड्याने गळ्याखालची काटेरी दाढी फुगवून काळी केली. हवामानाचा परिणाम असावा.
संध्याकाळी तेजलचा फोन. पूर्वी आठवड्यातून एकदा येत असे, आता बंड्यासाठी रोज येतो. ही केवळ नोंद.

७ मे.
मोठी प्रगती. पेटीसमोर खुर्ची मांडून त्याला शिस्तीचे नियम समजावले. प्रत्येक नियमाला त्याने जोरजोरात मान डोलावली. इतकी तत्पर संमती मला पतसंस्थेच्या वार्षिक सभेतही मिळालेली नाही. निरोप म्हणून मी सावकाश हात हलवला. तो समाधानाने चिऱ्याच्या तुकड्यावर पसरला. हा क्रम रोज पाळावयाचा.

११ मे.
शेजारचे अस्लमभाई खिडकीतून पाहत होते. सरड्याला सलाम ठोकताय काय, असे त्यांनी विचारले. परस्पर सामंजस्य म्हणजे काय, हे मी त्यांना सांगितले. मस्कतमधला त्यांचा मालकही अशीच मान हलवीत असे, असे ते म्हणाले. मालक समंजस असावा.

१५ मे.
सौ. रेणुकाने मला कोकमाच्या आगळासाठी रातांबे फोडायला बसवले. नंतर नियमाप्रमाणे हात साबणाने दोनदा धुतले; बोटांची लाली मात्र गेली नाही. तशातच बोट पुढे केले. ‘चावला’ हा शब्द अतिशयोक्त होईल. रक्त किती आणि रातांबा किती, हे सांगणे कठीण.
रेणुकाच्या मते त्याला ते लाल बोट जास्वंद वाटले. तो रोज तिच्या हातून जास्वंद खातो म्हणे. ही माहिती मला देण्यात आली नव्हती.

१९ मे.
बोटाला पट्टी. प्रत्यक्ष हाताळणी तूर्त स्थगित, तोंडी प्रशिक्षण चालू.
तेजलने फोटो मागितला. बंड्या खांद्यावर निवांत बसलेला आहे, असा एक पाठवला. खांदा रेणुकाचा. गाऊनची फुले दिसू नयेत इतपत फोटो कापला होता. खांदा कोणाचा, हे तेजलने विचारले नाही. मीही विषय वाढवला नाही.

२६ मे.
पट्टी काढली. उद्यापासून हाताळणी निश्चित.

२७ मे.
उकाडा फार. प्राण्याला त्रास नको.

३० मे.
तेजल आली. प्रात्यक्षिकासाठी अस्लमभाईही हजर. मी पेटीसमोर उभा राहिलो. बंड्याने मान डोलावली, मी सावकाश हात हलवला. तेजल हसत हसत खाली बसली.
“बाबा, मान हलवतो म्हणजे, इथला साहेब मी. आणि त्यांच्यात हात असा हळू हलवला की, होय साहेब. तुम्ही महिनाभर त्याला होय साहेब म्हणताय.”
अस्लमभाईंनी मस्कतच्या मालकाची आठवण पुन्हा काढली. त्याची गरज नव्हती.
मी हात आत घातला. दाढी काळी. तेवढ्यात रेणुका स्वयंपाकघरातून आली, तिने बाजूने हात ठेवला, आणि तो चढून तिच्या खांद्यावर बसला. तेजल गाऊनकडे पाहत राहिली. तसलेच एक फूल फोटोच्या कोपऱ्यात राहून गेले होते, असे कळले.
मैत्रीण त्याला न्यायला कधी येणार, असे मी विचारले. आवाज नेहमीचाच होता.
“राहू दे त्याला इथेच, आईजवळ,” तेजल म्हणाली. “मी रोज फोन करीनच.”

३१ मे, संध्याकाळ.
तेजल पोहोचली. फोन रेणुकाच्या मोबाइलवर आला. आधी बंड्याची विचारपूस झाली, नंतर माझी.
माझ्याकडे पेटी पुसणे आणि जास्वंद आणणे, ही कामे आली आहेत. पेटी पुसत असताना त्याने माझ्याकडे पाहून मान डोलावली. खोलीत दुसरे कोणी नाही, याची मी खात्री करून घेतली आणि सावकाश हात हलवला.