दिघोरीच्या तलावातलं जहाज

३ सप्टेंबर २०१७
संकल्प. आजपासून नाटक बंद, सिनेमा सुरू. वीस वर्षं झाडीपट्टीच्या स्टेजवर हिरो केला. काल वडशाच्या नाटक कंपनीचा मालक तुलाराम फोनवर म्हणतो, लीलाधरभाऊ, यंदा हिरोचा रोल विनोद करन, तुमी हिरोचा बाप करा. विनोद! तीन सीझन माझ्या मागे भालदार म्हणून उभा होता. मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार झाला. दिवाळीनंतरच्या मंडईत, गावच्या जत्रेत, माझा सिनेमा लागेल आणि तुलाराम साकोलीला माझ्या घरी येऊन पाय धरेल.

५ सप्टेंबर
स्टोरी तयार. ‘दर्या हादरला, कप्तान आला!’ समुद्री डाकूंची कॉमेडी. सात डाकू, एक कप्तान. कप्तान मी. कॉमेडी डाकू करतील, मी नाही. बायको म्हणून ममताला पहिल्यांदा वाचून दाखवली. ती म्हणाली, समुद्र कुठून आनता? दिघोरीचा तलाव आहे ना! आमची दोन एकर बांधी, धानाचं शेत, त्याच्याच पाण्यावर, म्हणजे घरचाच समुद्र. पलीकडचा काठ कॅमेऱ्यात घ्यायचा नाही, झालं. बायकांना टेक्निकल बाजू कळत नाही.

११ सप्टेंबर
भैयालाल त्या तलावात मासे धरतो. त्याने पाच डोंगे, लाकडी होड्या, दिले. बांबूने एकत्र बांधले, वर फळ्या, मध्ये डोलकाठी. काळा झेंडा ममताच्या जुन्या परकराचा (तिला सांगितलेलं नाही). भैयालाल म्हणाला, भाऊ, पानी कमी हाय यंदा, धानाले लागलं तं गेट उघडतीन, लवकर उरका. कलावंताला घाई करायची नसते, हे त्याला समजावलं.

१४ सप्टेंबर
विनोदला डाकूचा रोल दिला. मोठं मन लागतं. एक पाय लाकडाचा, वाक्यं चार.

२० सप्टेंबर. शूटिंग सुरू.
वाक्य झालं की मी हात वर करून टाळीसाठी थांबतो. वीस वर्षांची साधना आहे ती. कॅमेरावाला ईश्वर, जो साकोलीत लग्नांचे व्हिडिओ काढतो, मला विचारतो, भाऊ, काहून थांबून राहिले? शिवाय माझ्या आवाजाने त्याचा माइक फाटतो म्हणे. मी शेवटच्या रांगेसाठी बोलतो, माइकने सुधारावं. विनोद हळू बोलतो आणि अख्खं युनिट हसतं. शिस्त नाही. उद्यापासून हसणाऱ्याला चहा बंद.

२१ सप्टेंबर
चहा कोणीच घेतला नाही.

२४ सप्टेंबर
चार सीन झाले, तीन विनोदचे. चौथ्यातही तो आहे. लढाईचा सीन मुद्दाम राखून ठेवला. जहाज, तलवार, सूर्यास्त, मी. दसरा झाला की ३ ऑक्टोबरला. त्या एका सीनवर तुलाराम गार होईल.

२८ सप्टेंबर
आज दिघोरीत पाण्याची सभा. धान निसवायला, लोंब्या धरायला आलं आणि पावसाचा पत्ता नाही. अर्धे म्हणाले गेट उघडा, अर्धे म्हणाले आठ दिवस थांबा. आमची बांधी अगदी टोकाला, भेगा पडल्यात. मी उठलो. काय बोललो! माइक नाही, प्रॉम्प्टर नाही. शेजारच्या बांधीवाल्या गोदावरीबाईने डोळ्याला पदर लावला. म्हातारे दादाजी म्हणाले, गेट उघडा रे, ह्याचं आयकवत नाही. टाळ्या! मी हात वरही केला नव्हता. ठराव पास, उद्याच पाणी सोडणार. असा प्रयोग वीस वर्षांत झाला नाही. वाटेत भैयालाल म्हणाला, भाऊ, अन् तुमचं जहाज? मी म्हटलं, मजेत आहे. मध्येच जहाजाची चौकशी कशाला, कोण जाणे.

३ ऑक्टोबर
समुद्र नाही. जहाज चिखलात, तिरपं. हा कट आहे. लोकांना सभेत कोणी भडकवलं ते मला माहीत आहे, पण त्या विषयात मला जायचं नाही.
तरी तलवार उपसून उडी मारली. गुडघ्यापर्यंत रुतलो. एक पाय निघाला, बूट नाही निघाला. लाकडी पाय ओढत विनोद काठावर आला आणि हळूच म्हणाला, कप्तान, दर्या कुठी गेला जी? मी पूर्ण आवाजात ओरडलो, माझ्या बांधीत! रडूही आलं. ईश्वरने कॅमेरा बंद केलाच नव्हता.

२७ ऑक्टोबर. दिघोरीची मंडई.
संध्याकाळी पडदा लावून सिनेमा दाखवला. लढाई नाही, सूर्यास्त नाही. चिखल आहे. पब्लिक पोट धरून हसलं. वन्स मोअर आला. सिनेमाला वन्स मोअर! ईश्वरने मागे नेऊन तीनदा लावलं. तो विनोदच्या वाक्याला होता, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण विनोद बोलताना सगळे चूप असत. हसत होते ते माझ्या तोंडावर. ज्या लोकांसाठी बोललो, ते पुढच्या रांगेत होते. त्यांचा राग येतो. स्वतःचा जास्त येतो. हे पान फाडावं.
घरी ममता म्हणाली, आपला धान लय मस्त झाला जी यंदा. मी जेवलो नाही.

३० ऑक्टोबर
तुलारामचा फोन. पाय धरण्याबद्दल काही बोलला नाही. चिखलाचा सीन मोबाइलवर पाहिला म्हणे. बापाचा रोल अजून रिकामा आहे. मी विचारलं, पांढरा विग कंपनी देणार ना? म्हणाला, तुमाले कायले विग पायजे, असेच या.
पहिल्या अंकातच मरायचं आहे, विनोदच्या मांडीवर. वाक्यं चार. हळू बोला म्हणाला.