लाडवांखालचं जहाज

हूफडॉर्प, नेदरलँड्स, रविवार संध्याकाळ

शेजारच्या यानकाकांनी काल वाटाण्याचं सूप दिलं, तेही त्यांच्या दिवंगत बायकोच्या इंग्रजी चिनी मातीच्या जुन्या वाडग्यातून. तळाशी काळ्या छपाईतली समुद्रावरची लढाई. इंग्रजांचा झेंडा आणि बुडणारं डच जहाज. “बुडतंय ते आमचं,” काका नेहमी हसून दाखवतात.

पुण्याहून आलेल्या आईने आज ते जहाज घासून काढलं. “केवढी काजळी गं, निघता निघेना!” मी तळ बघून काही म्हणेपर्यंत बेसनाचे लाडू भरून वाडगा देऊनही आली. “रिकामं भांडं परत देतात का?”

झेंडा राहिला, जहाज गेलं. लिहिण्यावर पोट आहे माझं, तरी त्यांना सांगायला एक वाक्य सुचत नाही.

आत्ता काकांनी खिडकीतून लाडू उंचावून दाखवला. कॉफीबरोबर ते रोज एकच गोड पदार्थ खातात. मीही हात हलवला. तळ दिसेपर्यंत रोज हलवेन.