जावयाले घ्यायले कोणी येत नाही

केळापूर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

नासिरचाचा, सलाम. रौशनचाचीलेही सलाम सांगा.

इकडे बरं आहे. कापूस घरात येऊन राह्यला, थंडी पडली, सुरभी मजेत आहे. सासरे तुमची आठवण काढतात. तुमचे गुडघे कसे आहेत? चाची सांगते तो शेक घेता, की नुसतं हो म्हणता?

फोनच केला असता. पण गॅरेजच्या ठोकाठोकीनं तुमाले कमी ऐकू येते, अन् मी ओरडून बोललो की सासरे टीव्हीचा आवाज बारीक करतात. म्हणून पत्र.

तुम्ही विचारलं होतं, आर्णीचं गॅरेज सांभाळतो का, नाही तं महिनाअखेर दुसऱ्याले देतो. उत्तर लिहाले बसलो अन् आठवली आपली फुटबॉलची मॅच.

मी दुसरीत असेन. माय-बाप गेले तवापासून काकाकडे राहत होतो, तुमच्या गॅरेजच्या भिंतीले भिंत. तुम्ही मले गाडीच्या टाकीवर बसवून मैदानावर नेलं. एवढे लोक मी उरुसातच पाहिलते. हातात फुटाणे, भोंग्यावर कोणीतरी बोंबलून राह्यलेला, अन् समोर ती जाळी. काकाच्या वावराले रानडुकरांसाठी अशीच जाळी होती. त्यात एकदा कुत्रं अडकलं, ते केकाटणं मी विसरलो नव्हतो. इथं तं जाळीपुढं चांगला माणूस उभा! बाकीचे मोकळे पळून राह्यले, अन् याले कोणी सोडवत नाही.

मी धावत गेलो अन् त्याचा हात ओढला. "चाल भाऊ, मी सोडवतो." तेवढ्यात बॉल जाळीत. लोक माराले धावले. तुम्ही लुंगी सावरत सरळ मैदानात आले, मले खांद्यावर टाकलं अन् रेफरीले एवढंच म्हणाले, "माझा आहे. घ्यायले आलो."

घरी येताना समजावलं, "बेटा, तो अडकला नाही. तो गोली आहे, गोल राखणारा. साऱ्यांचा लाडका. बॉलले हात लावाची परवानगी त्यालेच."

चाचा, लाडका मीही आहे. पण मले कायलेच हात लावाची परवानगी नाही. घरजावई म्हणून सासऱ्यांच्या, मारोतरावांच्या, कृषी केंद्रात पंख्याखाली पांढरा शर्ट घालून बसतो. मांगच्या महिन्यात एका म्हाताऱ्याचा फवारणी पंप खोलला, तं सासऱ्यांनी साऱ्यांसमोर माझ्या हातातून पेचकस घेतला. "आमच्या घरी जावयानं हात काळे कराचे नसतात." पेचकस कपाटात गेला. रागावत नाहीत, हीच तं पंचाईत. रागावले असते तं भांडून निघालो असतो. जेवताना चौथी पोळी नको म्हटलं तरी तोंड उतरते त्यांचं.

दिवाळीत बॅग उचललीच होती. सासरे दारात बसून रडले, "आमचं काय कमी पडलं, जावईबापू?" अर्धी गल्ली जमली. मी बॅग ठेवली अन् चहा पेलो. लाज वाटली, पण पेलो.

मले इथं जीव घुसमटल्यासारखा होते, चाचा. हे कोणाले सांगितलं नव्हतं.

काल सुरभीनंच रस्ता काढला. शेजारच्या सुनेले घ्यायले माहेरचा मुराळी आलता, तिचा भाऊ. सासू काही केल्या धाडेना. तवा मारोतरावच गेले भांडाले. "घ्यायले आलेल्या माणसाले रिकामं परत धाडता? असं आपल्यात होत नाही." पोरगी त्याच दिवशी गेली. सुरभी म्हणे, "बायकांले घ्यायले कोणीतरी येते. तुमाले आजपर्यंत कोणी आलं का? बोलवा ना कोणाले." मी म्हटलं, अन् तू? "मी काय इथं टीव्ही पाहत बसू? येते सोबत. बाबांले पंधरा दिवसांनी भेटून जात जाऊ."

तं उत्तर असं, की शटर कोणाले देऊ नका. पण मले एकट्याले हा उंबरा ओलांडता येत नाही, करून पाहिलं.

तुम्ही या. गुडघे दुखत असतील तं गाडी करून या, पण या. सासरे पाट मांडतील, पोटभर जेवा. मग काहून, कसं, काही समजावत बसू नका. तवा रेफरीले म्हणाले होते, तेवढंच म्हणा.

बॅग भरून बसलेला,
तुमचा
ओम