ताई, तुझ्या मयताला खूप गर्दी होती

प्रिय रेमेदियोस ताईस,

प्रभूच्या नावाने धाकट्या भावाचा, क्रिसान्तोचा सलाम. आम्ही सगळे त्याच्या कृपेने बरे आहोत आणि तूही तिकडे हाँगकाँगला मालकिणीच्या घरी जिवंत आणि धडधाकट आहेस, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. (हे वाक्य मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय. गावात कुणाला दाखवायची वेळ आली तर असू दे.) आईचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. आता पुढचं बसून वाच आणि पुरतं वाचल्याशिवाय मला शिव्या घालू नकोस.

झालं असं की आपल्या चर्चच्या पोरांना स्काउटांचं पथक हवं होतं. अमेरिकेतल्या त्या चर्चने कळवलं, की गावात पथक सांभाळणारा एक तरी नीट शिकून तयार झालेला नायक असेल तरच पथक मिळेल, शिकवायला आम्हीच येतो. इकडे पोरांच्या आयांनी निळे रुमाल शिवूनसुद्धा टाकले, पोरं ते गळ्यात घालून झोपायला लागली, आणि नायकाचा पत्ता नाही! ज्याला विचारावं त्याला नेमका त्याच आठवड्यात ताप. शेवटी पाळकबाई सिस्टर लोइदांची नजर माझ्यावर पडली. आता तूच सांग, मी न्हावी माणूस. खुर्चीमागे उभं राहून दिवसभर तोंड चालवायचं हा माझा धंदा. जंगलाशी माझा संबंध लोकांच्या डोक्यावरच्या जंगलापुरता. पण ती पोरं दुकानाच्या दारात ओळीने उभी राहून माझ्याकडे बघत होती, मग नाही कसं म्हणणार?

गुरुवारी अमेरिकेतल्या चर्चची तार आली, की येतोय, तंबूही आणतोय. आपल्या गावात तार कशासाठी येते ते तुला सांगायला नको. तारवाला माझ्या दारात उभा असलेला अर्ध्या गावाने पाहिला, आणि तार वाचून मी मटकन खुर्चीत बसलो तेही पाहिलं. (तंबूच्या नुसत्या विचाराने, दुसरं काही नाही.) आईलाही तार कसली ते सांगायचं राहून गेलं. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागेल.

शुक्रवारी ब्रदर हॅरल्ड आले. ताडमाड उंच, अर्धी चड्डी, उन्हाने लालबुंद झालेले गुडघे, आणि माणूस लाखात एक. मी तंबू उभारला, तो माझ्याच अंगावर आला. गाठ मारली ती इतकी पक्की बसली, की सोडवायला सिस्टर लोइदांना कात्री आणावी लागली. तरी ब्रदर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, खरी परीक्षा उद्या. ती कसली? तर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एकट्याने झाडाखाली बसायचं, प्रार्थना करायची, खायचं नाही आणि एक शब्द बोलायचा नाही. बोललात की नापास. मी न्हावी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक.

शिकायला आलेले इतर गावांचे उमेदवार डोंगरावर गेले, त्यांच्याबरोबर ब्रदर आणि सिस्टर लोइदाही. माझ्या वजनाकडे बघून मला रस्त्याकडेचा आंबा दिला. तिथेच घात झाला. अगं, आपल्याकडे माणूस एकटा, उपाशी, गप्प बसलाय आणि येणारा-जाणारा नुसता पुढे गेला, असं कधी झालंय? पहिल्या आल्या पासिंग काकू. “जेवलास का रे?” मी गप्प. “सान्तो, अरे तू आणि गप्प?” त्यांनी डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि माझ्याशेजारी बसल्या. मी आपला छातीवर हात ठेवून वर आभाळाकडे बोट दाखवलं, म्हणजे प्रार्थना चाललीय, जा आता. काकूंनी एकदम हंबरडा फोडला. “तार! गुरुवारची तार! अरे देवा, आपली रेमेदियोस गेली!”

मी जोरजोरात मान हलवली. काकू म्हणाल्या, बिचाऱ्याला पटतच नाहीये.

मग काय विचारतेस! दुपारपर्यंत आंब्याखाली बाकं आली, कॉफीचं भांडं आलं, बिस्किटं आली, तांदळाच्या पिठाची गरम बिबिंगका आली. मयताच्या रिवाजाप्रमाणे पत्त्यांचे तीन डाव पडले. (आपल्या चर्चला पत्ते चालत नाहीत, पण मयताला काय फक्त आपल्याच चर्चची माणसं येतात?) गिरणीवाला अर्सेनियो आला, त्याने आपलं डुक्कर कापलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. तुझ्याबद्दल जे-जे बोलला ते इथे लिहीत नाही. समोर भाजलेलं डुक्कर, पोटात कावळे, कानात तुझे गुणगान, आणि मी ओठ शिवून बसलेलो. दहा वेळा तोंडाशी आलं, की अहो, ती जिवंत आहे. पण समोर ती पोरंही येऊन बसली होती, गळ्यात रुमाल घालून, माझ्या तोंडाकडे बघत. परीक्षेचं त्यांना माहीत होतं. “काका, बोलू नका हं,” असं डोळ्यांनीच सांगत होती. त्या गाढवांनी तरी कुणाला सांगायचं! पण त्यांना वाटलं, एवढी माणसं म्हणजे परीक्षेचाच भाग.

ऊन कलायला लागलं तेव्हा आई आली. काठी टेकत, अनवाणी. हातात तुझा तो जुना निळा झगा. रडत नव्हती. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “सान्तो, तिला आणायचं कसं रे? बोटीने की विमानाने? हा झगा तिला आता बसेल का?”

ताई, मी बोललो. सूर्य अजून डोंगराच्या वीतभर वर होता. “आई, ताई ठीक आहे गं, काही झालेलं नाही तिला,” असं ओरडलो आणि रडलो. आईने आधी मला पोटाशी धरलं आणि मग त्याच काठीने असं बडवलं की अजून कूस बदलता येत नाही. पासिंग काकू म्हणाल्या, मेल्या, आधी सांगायला काय झालं होतं? डुक्कर मात्र शिल्लक राहिलं नाही. ब्रदर हॅरल्डनीही तीनदा वाढून घेतलं.

तर अशी तुझ्या भावाची फजिती. तब्येतीला जप.

तुझा,
सान्तो

ता. क. ब्रदर हॅरल्ड मला आणखी एक संधी देणार आहेत, नाताळानंतर. पोरांचं पथक आता त्यावरच अवलंबून आहे. तेव्हा तू नाताळला ये आणि परीक्षेच्या दिवशी आंब्याशेजारी खुर्ची टाकून बस. सहा वर्षं झाली तुला कुणी पाहिलेलं नाही. तू समोर दिसलीस, तरच लोक मला गप्प बसू देतील.

आणखी ता. क. तू जिवंत आहेस हे कळल्यापासून अर्सेनियो तोंड लपवून हिंडतोय. मेलेल्या बाईबद्दल बोलायचं ते सगळं गावासमोर बोलून बसलाय. ते तू त्याच्याच तोंडून ऐकावंस.

शेवटचं. आईला पत्र वाचून दाखवलं. म्हणते, थापा मारू नकोस. बरं, खरं सांगतो. नाताळानंतर दुसरी परीक्षा-बिरीक्षा काही नाही. नायकाचा रुमाल मला त्याच संध्याकाळी मिळाला. ब्रदर म्हणाले, आईसाठी जो नियम मोडणार नाही, त्याच्या हाती मी पोरं देणार नाही. पथक सुरू झालं. पण आईने तुझा झगा पेटीत परत ठेवलेला नाही. धुऊन, कमरेत थोडा सैल करून दोरीवर टाकलाय. रोज संध्याकाळी काढते, सकाळी पुन्हा वाळत घालते. ये गं.