मोंघीबेन माझ्या कोण लागतात

मी, खीमजी लालजी खारवा, वय एकाहत्तर, राहणार मांडवी बंदर, कच्छ, जहाजावरचा निवृत्त भंडारी म्हणजे आचारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामी ते लागत नाहीत, असे वकीलसाहेब म्हणाले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. ज्याच्या नावे करावे असे कुणी नव्हते.

१. माझे राहते घर, मागच्या खोलीसह, श्रीमती मोंघीबेन यांना पूर्ण मालकीहक्काने द्यावे. भूकंपात त्यांचे घर पडले, तेव्हा त्या ही खोली भाड्याने मागायला आल्या. मी म्हणालो, "बेन, मी एकटा पुरुष, तुम्ही विधवा. लोक बोलतील."

"बोलू द्या की. त्यांना तरी दुसरं काम काय? किल्ली आणा इकडे."

जन्मभर मी खलाशांना रांधून घातले. मस्कतहून, मोंबासाहून, वादळे झेलून परत आलो. उशीर का झाला, असे कुणी विचारले नाही. मोंघीबेन आल्यानंतर एकदा जुन्या नाखव्याला भेटायला शेजारच्या बंदरगावी गेलो. गप्पांत शेवटची बस चुकली, तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी परतलो तर ही बाई धक्क्यावर उभी. मी बसने गेलो होतो, तरी हिने मला शोधायला होडी पाठवलेली!

"जिवंत आहात एवढं कळवायला काय झालं होतं? कढी दोनदा गरम केली मी!"

सगळा धक्का हसत होता. मी मान खाली घालून उभा होतो, आणि तिने इतक्यात थांबू नये असे मनापासून वाटत होते.

२. पुतण्या नारण याने दिवाळीत विचारले, "काका, तुमच्या मागं ही बाई कुठं जाणार?" त्याने कलम एक वाचावे. माझी पितळी पातेली त्याला द्यावीत. मुलगा वाईट नाही, घाई फार.

३. बँकेतली शिल्लक मोंघीबेनच्या औषधपाण्यासाठी. त्यांनी मोतीबिंदू काढून घ्यावा. डॉक्टर चावत नाही.

४. माझ्या बाराव्याला त्यांना मागच्या रांगेत बसवू नये. "तुम्ही त्यांच्या कोण?" असे कुणी विचारल्यास हा कागद दाखवावा. वकीलसाहेबांनीही नाते विचारले, तेव्हा मी अडलो. पत्नी नव्हे, बहीण नव्हे. भाडेकरू म्हणावे तर भाडे घेणे केव्हाच सोडले. स्वयंपाकघरातून आवाज आला, "घरचं माणूस लिहा! त्यात एवढा विचार कसला?"

तसे लिहिले आहे.

५. वाचून झाल्यावर वकीलसाहेबांनी विचारले, "आणि मोंघीबेन आधी गेल्या तर?" हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. तसे झाल्यास घर नारणने घ्यावे. मग त्या भिंतींचे मला काही करायचे नाही.

मोंघीबेन हात पुसत दारात आल्या. "नारणला म्हणावं, उगाच आशा लावून बसू नकोस. मी कुठंही जात नाहीये."

त्यांचे म्हणणे त्यांच्या आग्रहावरून येथे नोंदवले आहे.

सही : खीमजी लालजी खारवा

साक्षीदार : १. उमर इस्माईल, जहाजबांधणी मिस्त्री
२. दामजी हीरजी, निवृत्त पोस्टमास्तर

मांडवी, ७ डिसेंबर २०१४