सतराव्या चौकोनातला गोल

३ नोव्हेंबर

आजही चिखल, चिखल आणि चिखल! समुद्रतळाचे व्हिडिओ बघून बघून डोळ्यांची पार वाट लागली. ओढलेल्या जाळ्यांचे चर एकाशेजारी एक, मध्ये एखादा भेदरलेला खेकडा. व्हिडिओवर जागा लिहिलेली नसते. कुठला ते कळलं की माणूस हात राखून गुण देतो, म्हणून आमच्या ऑफिसच्या मॅडमनी तो नियमच केलाय. मी फक्त दोन रकाने भरायचे. अवस्था: चांगली, मध्यम, वाईट. खात्री: जास्त, मध्यम, कमी.

खरी मेख त्या दुसऱ्या रकान्यात आहे. आमच्या भागाचा समुद्र आम्ही चौकोनांत वाटलाय. अवस्था वाईट आणि खात्री जास्त, तरच चौकोन लाल होतो आणि तिथे तळ खरवडणारी जाळी बंद होतात. खात्री कमी असली की बंदी ठरवणारी समिती तो चौकोन सोडून देते. पण खात्री आणायची कुठून? जाळी फिरायच्या आधी तळ कसा होता, ते कुणी बघूनच ठेवलेलं नाही. इथला चिखल पहिल्यापासून असाच, असं बोटवाले म्हणाले की आमची बोलती बंद.

धाकट्याचं घर सतरा नंबरच्या चौकोनावर चालतं. माझा भाऊ बोटवाला आहे, हे मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, या गावात कुणाचा नाही?

४ नोव्हेंबर

सर्दी. आईचे दोन फोन. बोट लागली का? लागली. तो जेवला का? मला काय माहीत!

६ नोव्हेंबर



दुपारी एक व्हिडिओ लावला. नेहमीचे चर. आणि एकदम चर संपले, रेघ मारल्यासारखे! पलीकडे पिसांसारखे उंच जीव दाटीने उभे, पाण्याबरोबर डुलत होते. तारामासे. बिळंच बिळं, त्यांतून मिशा बाहेर काढलेले झिंगे. इतका जिवंत तळ मी नोकरीला लागल्यापासून पाहिला नव्हता. चहा गार झाला. मग इंजिनाचा गंजलेला ठोकळा आला. कुजलेल्या फळ्या. आणि बोटीचा पंखा — एक पातं वाकलेलं.

ते पातं मी ओळखते. बाबा ते बदलायलाच तयार नव्हते. 'चालतंय ना? मग!' म्हणायचे. बोट परत आली नाही तेव्हा मी कॉलेजात होते, धाकटा शाळेत. बोटही मिळाली नाही आणि बाबाही.

पुढे पुन्हा ती पिसं. पुन्हा रेघ. पुन्हा चर.

बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुऊन खुर्चीत बसले, आणि मग खरी धास्ती वाटली. बुडालेल्या बोटीत जाळं अडकतं, म्हणून सगळेच तिला वळसा घालतात, हे ठीक. पण त्याला थोडीशी जागा पुरते. चर नसलेला हा गोल तिच्या कितीतरी पट मोठा आहे. कुणीतरी मुद्दाम सोडलाय.

मोडकी बोट दिसली की तो तुकडा मोजायचा नाही, असा आमचा नियम आहे. 'मोडकी बोट, वगळला' एवढं लिहिलं की विषय संपला. कुणी विचारणारही नाही. आणि नाही लिहिलं तर? एकाच चौकोनात खरवडलेला तळ आणि न खरवडलेला तळ, शेजारी शेजारी! समिती इतकी वर्षं मागतेय तो पुरावा हाच. आणि व्हिडिओ कुठल्या चौकोनाचा असणार, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

७ नोव्हेंबर

रकाने कोरेच ठेवले. डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाले.

८ नोव्हेंबर

मॅडमना सगळं सांगितलं, पंख्यासकट. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि लगेच जागा उघडून बघितली. सतरा. या चौकोनाचे गुण आता त्या स्वतः देणार, मी लांब राहायचं. मोडक्या बोटीचा तुकडा वगळला तरी बाकी गोल उरतोच, पण एक व्हिडिओ पुरणार नाही. कॅमेऱ्याची बोट पुन्हा पाठवायची आणि कॅमेरा गोलाच्या आरपार फिरवायचा, एकदा उभा, एकदा आडवा. तोवर बाहेर एक शब्द जाता कामा नये, असं त्यांनी मला बजावलं. मी मान डोलावली.

९ नोव्हेंबर

धक्क्यावर जाऊन धाकट्याला सांगून आले. मूर्ख, मूर्ख, मूर्ख!

पण बाबांचं त्याच्यापासून कसं लपवू? आणि बघते तर त्याला ते आधीच माहीत! चार वर्षांपूर्वी जाळ्यात पंखा वर आला होता. त्याने ओळखला आणि तिथेच परत सोडला. वर सगळ्या बोटींना थाप मारली, की तिथे लोखंड पसरलंय, जाळी फाटतील. सगळ्यांनी आपापल्या नकाशात त्या जागी मोठी फुली मारली. आईला सांगितलं नाही. "तिला अजून वाटतं, ते कुठेतरी किनाऱ्याला लागले असतील. म्हटलं, वाटू दे."

मग माझ्या तोंडून गेलं, की या गोलामुळेच सतरा लाल होईल. तो दोर गुंडाळायला लागला. तेवढ्यात केबिनमधून त्याचा भागीदार बाहेर आला. त्याने शब्दन् शब्द ऐकला होता. "म्हणजे कॅमेरा यायच्या आत तिथून दोन फेऱ्या मारल्या की काम झालं," तो हसत म्हणाला. "ती बोट सोडली तर लोखंड नाहीच ना तिथे?"

धाकटा दोर गुंडाळतच राहिला. नाही म्हणालाच नाही!

१० नोव्हेंबर

वारा सुटलाय. एकही बोट बाहेर नाही. काल काय करून आले ते मॅडमना सांगितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं केबिनचं दार लावून घेतलं.

१२ नोव्हेंबर

वारा पडला. पण कॅमेऱ्याच्या बोटीला अगदी शांत पाणी लागतं, ती पंधरा तारखेशिवाय निघत नाही. बोटवाल्यांना शांत पाणी कुठलं लागतंय! भागीदाराने गोलाची बातमी धक्काभर केलीय.

कुठली बोट कुठल्या चौकोनात आहे ते ऑफिसात पडद्यावर दिसतं. चौकोनात नेमकी कुठे, ते दिसत नाही. धाकट्याचा ठिपका सकाळीच सतरात. सगळ्यांच्या आधी पोचलाय शहाणा!

आईला फोन केला. म्हणाली, एकटाच गेलाय, भागीदारालाही नेलं नाही, दोन दिवस पुरेल एवढं खाणं घेतलंय. "एकट्याला जाळं कसं ओढवेल गं?" मी म्हटलं, मनात आणलं की सगळं ओढवतं. फोन ठेवल्यावर वाटलं, साक्षीदार नको असेल त्याला.

१३ नोव्हेंबर

ठिपका तिथेच. दुपारी आणखी चार ठिपके सतरात आले आणि तासाभरात निघून गेले. काम उरकलं असणार.

१४ नोव्हेंबर

संध्याकाळी त्याची बोट लागली. मी धक्क्यावर उभीच होते. डोळे तांबारलेले, आवाज पार बसलेला. मी तोंडाला येईल ते बोलले. चौकोनासाठी बाप विकलास म्हणाले. त्याने दोर बांधला, गाठ पुन्हा तपासली. त्या शांतपणानेच माझं डोकं आणखी फिरलं. "बाबांच्या अंगावरून जाळं ओढलंस तू!" लोक बघत होते.

"तुझा कॅमेरा येऊ दे, ताई," एवढंच म्हणाला.

तो जाताना भागीदार त्याच्या पायाशी थुंकला. म्हणजे त्यांचंही आपसात बिनसलं. बिनसू दे.

१५ नोव्हेंबर

कॅमेऱ्याची बोट गेली. 

१६ नोव्हेंबर

गोल शाबूत आहे. कॅमेरा उभा फिरला, आडवा फिरला, जाळ्याचा एक ओरखडा नाही. बाबांच्या पंख्यापासून जरा लांब, कडेजवळ, चिखलात नांगराची एकच ताजी खूण आहे. आमची कॅमेऱ्याची बोट तिथे नांगर टाकत नाही. दोन दिवस तो तिथे नांगर टाकून बसला होता, एकटा, येईल त्या बोटीला ओरडून परत पाठवत.

मॅडमनी सतराचे रकाने भरले. अवस्था: वाईट. खात्री: जास्त. सतरा लाल.

धाकट्याकडे निघालेय. कुठल्या तोंडाने, कोण जाणे.